तांदळाच्या डब्यातलं कडं

मैथिली गवार मोडत बसली होती आणि तिच्या डाव्या मनगटावरच्या कड्यानं दोन ठोके दिले. टक्, टक्.

"आप्पा!" तिनं ओट्यापासूनच हाक मारली. "काल काय खाल्लंत?"

पुढच्या खोलीत कारखाना होता. तिथला कानशीचा आवाज थांबला. "आमटी-भात! तूच वाढलास की."

"आमटी-भातानं दोन ठोके पडत नाहीत."

मग सासऱ्यांचा आवाज आला, शाळेत पकडलेल्या मुलासारखा. "वासूनं रस्सा पाठवला होता. मटणाचा. वाटीभरच गं. वाटी पण बारकी."

"वासूकाकांकडं बारकी वाटी मी आजवर पाहिली नाही," मैथिली म्हणाली आणि कड्यावरचा बारीक उंचवटा अंगठ्यानं दाबला. 'पाहिलं' अशी ती खूण होती. ठोके थांबले. कारखान्यात कानस पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच कामसू आवाजात.

बाहेरगावच्या माणसाला याचं नवल वाटेल. सासऱ्यानं शेजाऱ्याचा रस्सा चोरून खाल्ला हे सुनेच्या मनगटाला कसं कळावं? मिरजेत मात्र तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नसे. हे गाव मुळातच दोन गोष्टींचं, दवाखान्यांचं आणि तंबोऱ्यांचं. नवं औषध आलं की ते इथे आधी पोचतं, आणि इथला म्हातारा ते घेण्याआधी चार प्रश्न विचारतो. मुरलीधर सुतारांनी, म्हणजे आप्पांनी, चार नाही, चाळीस विचारले होते.

आप्पा तंबोरे करत. वडीलही करत, आजोबाही. भोपळा निवडण्यापासून खुंट्या कातण्यापर्यंत सगळं घरात. मुलगा केदार पुण्याला बॅटरीच्या कारखान्यात इंजिनिअर झाला, शनिवारी यायचा, रविवारी जायचा. आप्पांनी त्यावर एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मात्र लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सुनेनं सहज भोपळ्यावर टिचकी मारून "हा मागच्या बाजूला पातळ आहे का हो?" असं विचारलं, तेव्हा ते हातातला चहा तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिले होते. भोपळा खरंच पातळ होता. त्या दिवसापासून मैथिलीच्या माहेरी आप्पांचे फोन जायला लागले. "पोरगीला कान कुणाचा आलाय हो?"

अशा माणसाच्या बोटांना गाऊटनं धरलं. आधी पायाचा अंगठा टम्म सुजला. पांघरुणाचं टोक लागलं तरी आप्पा कळवळायचे. मग दुखणं हातावर आलं. बोटांची पेरं लालभडक, कानस धरवेना. नेहमीच्या गोळ्या त्यांच्या मूत्रपिंडाला झेपेनात. सुमनताई, आप्पांच्या पत्नी, तोपर्यंत गेल्या होत्या. आप्पा ओसरीवर बसून नुसते हातांकडे बघायचे, आणि ते बघणं मैथिलीला बघवायचं नाही.

तेव्हा डॉ. निलोफर बागवान यांनी शमक सुचवला. आप्पांचे चाळीस प्रश्न तिथलेच.

"खडे दुखत नाहीत, आप्पा," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. "सांध्यात युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे खडे झालेत हे खरं. पण दुखते ती खडे बघून तुमच्या शरीरानं ठोकलेली बोंब."

"शरीर बोंब कशानं ठोकतंय?"

"पांढऱ्या पेशींत प्रथिनांचे सुटे भाग पडलेले असतात. एरवी ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जंतू शिरला, पेशी फुटली, खडा टोचला, की हे भाग एकमेकांना जाऊन भिडतात आणि एक चाक जुळतं. त्याला म्हणतात इन्फ्लमासोम. आपण दाहचक्र म्हणू. चाक जुळलं की त्याच्यावरची कात्री चालू होते. दाहाचा निरोप पेशीत बांधून ठेवलेला असतो, कात्री त्याची दोरी कापते. निरोप सुटला रक्तात. मग सूज, लाली, ताप."

"म्हणजे चाकच वाईट."

"छे! जंतू आला तर तेच चाक तुमचा जीव वाचवतं. पण खडा काही जंतू नाही. त्याला मारता येत नाही आणि चाकाला ते कळत नाही. ते आपलं बोंबलत राहतं."

शमक म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी कुपी. दंडात कातडीखाली बसवायची. तिच्यातून झिरपणारं औषध दाहचक्र जुळूच देत नसे. शिवाय कुठं किती चाकं जुळायला धडपडली याचा अंदाज ती रक्तावरून घेई. आप्पांसारख्यांसाठी ती निघाली होती, पण हेच चाक रक्तवाहिन्यांत, मेंदूत वर्षानुवर्षं मंद फिरत राहिलं तर हृदय बिघडतं, विसराळूपणा वाढतो, असं बोललं जाऊ लागलं आणि धडधाकट माणसंही दंड पुढे करून रांगेत उभी राहिली. कुणाला म्हातारं व्हायची हौस असते?

फक्त एक नियम होता. एकट्या माणसाला शमक मिळत नसे.

"ज्याच्या दंडात शमक, त्याला स्वतःच्या अंगातलं कळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "म्हणून दुसऱ्या कुणालातरी कळायला हवं. तो सोबती. त्याच्या हातात कडं. एक ठोका पडला तर सोडून द्या. दोन पडले तर पथ्य मोडलंय. तीन पडले तर माणसाला नीट बघा. आणि ठोके थांबेचनात तर उचलून इकडे आणा. सोबत्यानं 'पाहिलं' दाबलं की कडं बारा तास गप्प बसेल, कारण तो बघतोय असं आम्ही धरतो. वीस मिनिटांत कुणी दाबलं नाही तर फोन आम्ही करू. तर सोबती कोण, आप्पा? मुलगा?"

आप्पांनी सुजलेलं बोट मैथिलीकडे केलं. "ही."

"सून?"

"कान चांगला हाय तिचा," आप्पा म्हणाले.

तिथून पुढे दोन वर्षं गुण्यागोविंदानं गेली. आप्पांची बोटं पुन्हा चालू लागली आणि मैथिलीला सासऱ्याच्या पोटात काय गेलं हे बसल्या जागी कळू लागलं. दोघांनाही ही सोय आवडत होती, आप्पांना थोडी कमी.

त्या आठवड्यात धारवाडच्या एका गायिकेची जोडी तयार होत आली होती. दोन तंबोरे, एकाच जातीच्या भोपळ्यांचे, सख्ख्या बहिणींसारखे. तारा चढल्या होत्या. उरली होती ती जवारी. तंबोऱ्याची तार घोडीवरून, म्हणजे तारा पेलणाऱ्या रुंद पट्टीवरून, जाते तिथं ती घोडीला जेमतेम घासली पाहिजे. घासलीच नाही तर आवाज कोरडा. जास्त घासली तर दबका, नाक चोंदल्यासारखा. त्या दोहोंमध्ये केसभर जागा असते. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन ती जागा शोधायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवून बघायचा, आणि ऐकत राहायचं. सगळं काम कानाचं. आप्पांनी ते आजवर कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी कानस मैथिलीपुढे ठेवली. "एक मी लावतो. दुसरा तू."

मैथिलीनं कानसेला हात लावला नाही. "आप्पा, मोठ्या बाईंची जोडी आहे. बिघडली तर?"

"बिघडली तर घोडी बदलू. त्यात काय? मी पहिल्यांदा लावली तेव्हा माझ्या बापानं तीन घोड्या फेकल्या होत्या. एक माझ्या डोक्यात."

जवारीच्या दिवसांत सुतारांच्या घराचे नियम कडक. पंखा बंद. कुकरची शिट्टी बंद, भात पातेल्यात. सुमनताई काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या. फोन बंद करून तांदळाच्या डब्यात, कारण तो घरातला सगळ्यात आतला आणि जड डबा. मैथिलीनं कडं हातातच ठेवलं होतं. पण बोट नखाएवढ्या जागेत फिरवायचं काम, आणि पहिल्याच तासाला ठोका पडला, हात हलला, घोडीवर नको तिथं ओरखडा उठला.

आप्पांनी दीर्घ श्वास घेतला. "सूनबाई, ते पण डब्यात."

"आप्पा, ते डॉक्टरांनी..."

"चार दिवस. मी कुठं पळून चाललोय? तुझ्यासमोरच बसलोय की. दुपारी आणि संध्याकाळी डबा उघडून बघत जा."

बरोबरच वाटलं तिला ते. माणूस डोळ्यांसमोर आहे, मग कडं कशाला? कडं तांदळात गेलं.

त्याच दिवशी दुपारी आप्पा त्यांच्या तंबोऱ्याची तार बदलत होते, तेव्हा पितळी तारेचं टोक सटकन त्यांच्या उजव्या अंगठ्यात घुसलं. रक्ताचा टपोरा थेंब आला. आप्पांनी अंगठा तोंडात घातला.

"दुखतंय का?" मैथिली उठली.

"दुखायला डॉक्टरीणबाईंनी काय शिल्लक ठेवलंय?" आप्पा हसले. तिनं हळद लावली, ते पुन्हा कामाला लागले. संध्याकाळी अंगठ्यावर काळा ठिपका तेवढा होता. ना सूज, ना लाली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. दुपारी आणि संध्याकाळी मैथिली डबा उघडायची, कडं गप्प असायचं. तीही निर्धास्त व्हायची. खरं सांगायचं तर ती तेव्हा या जगात नव्हतीच. तिच्या घोडीतून कधी कोरडा आवाज यायचा, कधी दबका, आणि मध्येच एखाद्या क्षणी तारेतून असा काही झंकार सुटायचा की तिच्या अंगावर काटा यायचा. पुढच्या घासणीला तो पुन्हा हरवायचा. आप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. "गेला," म्हणायचे. किंवा, "आलाय, पण टिकायचा न्हाई." त्यापलीकडे एक शब्द नाही.

गुरुवारी रात्री ते नीट जेवले नाहीत. "भूक न्हाई," म्हणाले. शुक्रवारी सकाळी उशिरा उठले, जरा दमल्यासारखे दिसत होते. मैथिलीनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. ताप नाही म्हटल्यावर तिच्या मनातलं सगळं पुसलं गेलं. आपल्या आयांनी आपल्याला हेच तर शिकवलेलं असतं, कपाळाला हात लावायचा आणि ठरवायचं.

अकराच्या सुमारास तिनं खर्जाच्या तारेखालचा दोरा सरकवला, चारही तारा छेडल्या.

"लागली," आप्पा म्हणाले.

मैथिलीनं वळून पाहिलं. लागली नव्हती. पंचमाची तार घोडीला पुरती घासत नव्हती, पंचम उघडा पडत होता, तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

"आप्पा, पंचम बघा."

"बरा हाय की."

तिच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. चार दिवस घाम गाळला तो काय लाड करून घ्यायला? "आप्पा, मी सून आहे म्हणून खपवून घेऊ नका. तुमचा असता तर फेकून दिला असतात."

"लागलीय गं. छान लागलीय."

तिनं मग एक आगाऊपणा केला. आप्पांकडे बघतच जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारांतल्या, एकीचा सूर साधायचा मणी घोडीकडे सरकवला. तार सरळ सरळ उतरली. रस्त्यानं जाणाऱ्या माणसानंही मान वळवली असती. तिनं पुन्हा चारही तारा छेडल्या.

आप्पांनी डोळे मिटूनच मान डोलावली. "वा," म्हणाले. "सुमे, आता चहा टाक."

मैथिलीनं तंबोरा बाजूला ठेवला. सासूबाईंचं नाव ऐकून नव्हे, ते कधीमधी तोंडून निसटायचं. ती उतरलेली तार आप्पांनी ऐकली नाही, म्हणून. या माणसाला झोपेत बेसूर तार ऐकवली तरी तो शिव्या देत उठला असता.

ती त्यांच्यापुढे जाऊन बसली. ओठ सुकलेले. श्वास भराभर चाललेला. हात हातात घेतले तर बर्फासारखे गार. "आप्पा, आज वार कुठला?" आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि फार विचार करून सांगितलं, "तांदूळ."

ती स्वयंपाकघरात धावली. डबा उघडला आणि तिथंच थबकली. तांदूळ थरथरत होते. तिनं कडं बाहेर ओढून मनगटात घातलं. टक्-टक्-टक्-टक्, श्वास घ्यायलाही जागा नाही. डब्यातलाच फोन काढून चालू केला तर दवाखान्याचे अकरा चुकलेले फोन.

"वासूकाका!" ती दारातून ओरडली. "रिक्षा काढा!"

दवाखाना चार गल्ल्यांवर. वासूकाकांनी रिक्षा अशी हाणली की भाजीवाल्या बायकांनी त्यांच्या सात पिढ्या काढल्या. आप्पा मैथिलीच्या खांद्यावर डोकं टाकून पडले होते. तिचं मनगट ठणकत होतं आणि आप्पांचा अंगठा, ज्यातून सगळं सुरू झालं होतं तो, तिच्या मांडीवर शांत पडला होता. काळा ठिपका. बाकी काही नाही.

"जंतू रक्तात गेलेत," डॉ. निलोफर म्हणाल्या. अँटिबायोटिकची सलाईन आधीच चालू झाली होती. त्यांनी आप्पांच्या दंडावर एक चपटं यंत्र टेकवलं, बटण दाबलं. "शमक बंद केला. आता वाट बघायची."

"कशाची?"

"चाकं जुळायची. औषध जंतू मारेल, पण एकटं पुरणार नाही. अंगातली फौज जागी व्हायला हवी. तिला हाक मारणारी एक मोठी वाट आम्हीच दोन वर्षं बंद करून ठेवली होती. औषधाचा असर उतरला की हाक जाईल."

"आणि ताप आला तर?"

डॉक्टरीणबाई थकलेल्या चेहऱ्यानं हसल्या. "ताप आला तर मला पेढे आण."

मैथिली खाटेजवळच्या स्टुलावर बसली. केदारला फोन झाला, तो पुण्याहून निघाला. तिच्याकडे करायला काही नव्हतं. तिनं आप्पांचा हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाला ताप यावा म्हणून देवाला हात जोडले. बारा वाजले, दोन वाजले. दर अर्ध्या तासानं नर्स थर्मामीटर लावायची आणि मैथिली परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखी तिच्या तोंडाकडे बघायची. सत्त्याण्णव. सत्त्याण्णवच. एकदा तर शहाण्णव.

"या की आता," ती आप्पांच्या कानाशी पुटपुटली. कुणाला म्हणत होती तिलाच ठाऊक, तापाला, चाकांना की आप्पांना.

साडेचारला आप्पांचे दात वाजू लागले. अंगभर हुडहुडी भरली. खाट हलायला लागली. नर्सनं धावत येऊन थर्मामीटर लावला.

"एकशे एक," ती म्हणाली.

"आला!" मैथिली अशी ओरडली की सगळा वॉर्ड ऐकत राहिला. "ताप आला! अहो, एकशे एक आहे!"

समोरच्या खाटेवरच्या आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, "सासऱ्याला ताप आला तर पोरगी नाचतीय बघ. काय दिवस आलेत."

संध्याकाळपर्यंत आप्पांचा अंगठा टम्म सुजला, लाल झाला. त्यांनी डोळे उघडून पहिला शब्द काढला तो "आई गं!" मैथिली हसतही होती आणि रडतही होती. चार दिवस दबलेलं सगळं डोळ्यांवाटे बाहेर पडत होतं. त्या सुजलेल्या अंगठ्याची पापी घ्यावी असं तिला वाटलं. घेतली असती तर आप्पांनी बोंब मारली असती म्हणून राहिली.

तिसऱ्या दिवशी आप्पा उशीला टेकून पेज पीत होते. मैथिली भरवत होती.

"एक सांगायचंय," आप्पा म्हणाले. "रागावणार नसशील तर."

"रागवेन."

"कडं मी दाबलं. डब्यात हात घालून. बुधवारी दोनदा, गुरुवारी दोनदा."

चमचा हवेतच थांबला.

"चहाला आत गेलो तर डबा गुरगुरत होता. मला वाटलं वासूच्या रश्श्याचंच असंल. मंगळवारी त्यानं परत पाठवला होता. तुला कळलं तर तू ओरडशील, तुझं चित्त उडंल, कान उठंल. पहिल्यांदा जवारी हातात दिली होती तुझ्या. म्हटलं, पोरीचं काम होऊ दे."

मैथिलीनं चमचा वाटीत ठेवला. या माणसाला गदागदा हलवावं की मिठी मारावी? स्वतःच्या जिवाची हाक त्यांनी तिच्यासाठी तांदळात दाबून टाकली होती. तीही वाटीभर रश्श्याच्या भीतीनं. "तुम्ही गेला असता, आप्पा," ती म्हणाली. "माझ्यासमोर बसल्या बसल्या गेला असता आणि मी पंचम लावत बसले असते."

आप्पांनी मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "मी 'लागली' म्हणालो, तेव्हा लागली होती?"

"नाही. पंचम उघडा पडत होता."

"मी लागली म्हणालो तरी?"

"तुम्ही म्हणालात तरी."

आप्पांना हनुवटीवरची पेज पुसायचंही भान नव्हतं, इतके ते खूश झाले. "मग झालं," म्हणाले. "हितनं पुढं मला विचारायचं न्हाई."

पंधरा दिवसांनी दोघं डॉ. निलोफर यांच्या खोलीत बसले होते. धारवाडची जोडी रवाना झाली होती. दुसऱ्या तंबोऱ्याची जवारी मैथिलीनं दवाखान्यातून परतल्यावर दोन दिवसांत, एकटीनं लावली होती. पण शमक बंद होता आणि गाऊट हातपाय पसरत परत आला होता. आप्पा काठी टेकत आले. उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा लाल.

"बंद ठेवला तर हे असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पूर्ण चालू केला तर मागचं झालं तसं होऊ शकतं. आता मधलंही जमतं." त्यांनी टेबलावरचा पडदा पुढे सरकवला. त्यावर एक आडवी रेघ होती आणि रेघेवर सरकणारा ठिपका. "काही चाकं जुळू द्यायची. थोडं दुखेल, कडंही अधूनमधून वाजत राहील, पण खरा जंतू आला तर शरीर थोडंतरी ओरडेल. किती ठेवायचं ते सांगा."

बोलताना त्यांची बाही वर सरकली. दंडावर शमकाचा बारीक व्रण होता.

"तुमचा सोबती कोण, बाई?" आप्पांनी विचारलं. त्यांना प्रश्न विचारल्याशिवाय राहवतच नसे.

डॉ. निलोफर यांनी बाही खाली ओढली. "भाऊ होता. सहा महिन्यांपूर्वी बंगळुरूला गेला. कडं... घरी कुठल्यातरी कपाटात असेल. अधूनमधून दवाखान्याचा फोन मलाच येतो, मीच 'पाहिलं' म्हणून सांगते. तर, किती ठेवायचं?"

"मला विचारू नका," आप्पा म्हणाले. "मी दुखण्याला घाबरून पूर्णच चालू करा म्हणंन. हिला विचारा. जवारी आता हीच लावते."

डॉक्टरीणबाईंना गंमत वाटली. त्यांनी पडदा मैथिलीकडे फिरवला.

मैथिलीनं ठिपक्यावर बोट ठेवलं. आप्पांचं म्हणणं ऐकायला गोड होतं. तार जेमतेम घासली पाहिजे, ना कमी ना जास्त. पण तारेला दुखत नाही, आणि हा माणूस पांघरूण लागलं तरी कळवळतो. बोट इकडे नेलं तर उद्या सकाळी याला कानस धरवणार नाही. तिकडे नेलं तर एखाद्या दिवशी कपाळ गार लागेल आणि आपल्याला पुन्हा बरं वाटेल. कुठल्या मोजमापानं ठरवायचं?

ती ठिपका सावकाश सरकवत गेली. एका ठिकाणी थांबली. डॉक्टरीणबाईंनी यंत्र आप्पांच्या दंडाला टेकवलं. मग मैथिलीनं आप्पांच्या लाल झालेल्या पेरावर बोट ठेवून हलकेच दाबलं.

"इथवर कायम दुखत राहील आप्पा. इतकं सोसेल तुम्हाला?"

आप्पांचा चेहरा वेडावाकडा झाला, पण हात त्यांनी मागे घेतला नाही. मैथिलीच्या मनगटावरच्या कड्यात एक ठोका पडला, मग जरा थांबून आणखी एक. आप्पांनी तो हात आपल्या दुखऱ्या हातात धरला आणि तिच्याकडे पाहिलं.

"मला सोसंल गं," ते म्हणाले. "तुला सोसंल?"